सिंहलद्वीपाची कोत्तु रोटी

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला रस्त्यात गाठून विचारले, की राज्यघटना, संतवाङ्मय आणि अणुशक्ती यांच्या पंक्तीला हा रस्त्यावरचा खाद्यपदार्थ कसा काय बसला? मी त्यांना एवढेच म्हणालो, की पंक्ती म्हटली म्हणजे खाद्यपदार्थाचा तिच्यावर पहिला हक्क आहे. आज तो हक्क सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे.

आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना सिलोन प्रथम भेटले ते कानांवाटे. १९५२ साली आपल्या आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली आणि त्याच वर्षापासून रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला घराघरांत ऐकू येऊ लागली. योगायोग असा, की ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे तोही त्या बेटावर येणाऱ्या परक्या माणसाला आधी कानांनीच भेटतो. कोलंबोच्या गॉल रोडवर दिवेलागणीनंतर चालत जावे. समुद्राचा वारा अंगावर येत असतो, बसगाड्यांचे कर्णे चालू असतात, आणि त्या सगळ्या गलबल्यातून एक ठेका ऐकू येतो: टकटक-टकाटक, टकटक-टकाटक. पहिल्याने वाटते, जवळपास लोहाराचे दुकान असावे. नाक मागाहून सांगते, की ही खाणावळ आहे. लोखंडाच्या जाड, लांबट पत्र्यापुढे एक माणूस उभा असतो. त्याच्या दोन्ही हातांत चौकोनी, बोथट पोलादी पाती असतात आणि पत्र्यावरच्या एका ढिगाऱ्यावर तो ती आळीपाळीने आपटत असतो. त्या ढिगाऱ्याचे नाव कोत्तु रोटी.

नावातच कृती आली आहे. तमिळ भाषेत ‘कोत्तु’ म्हणजे बारीक तोडणे, कोचणे. पक्ष्याने चोच मारण्यालाही हाच शब्द लागतो. तेव्हा कोत्तु रोटी म्हणजे तोडलेली रोटी. आता ही रोटी कोणती? तिला तिकडे गोदंब रोटी म्हणतात. मैद्याच्या सैल कणकेचे गोळे करून ते तेलात बुडवून तासदोन तास निवांत ठेवतात. मग तेलकट ओट्यावर गोळा हातांनी दाबत, ओढत, झटकत इतका पसरवतात, की खालचा ओटा दिसू लागावा. त्याच्या कडा आत दुमडून चौकोनी घडी केली आणि तव्यावर टाकली, की रोटी झाली. तमिळनाडूतला परोट्टा हिचा सख्खा चुलतभाऊ. मदुरैकडे त्याचीही अशीच तोडणी होते आणि तिथे त्या पदार्थाला कोत्तु परोट्टा म्हणतात.

रोटी तयार झाल्यावर पुढचे काम दोन-चार मिनिटांचे. पत्र्यावर तेल पडते. त्यावर कांदा, हिरवी मिरची, कढीलिंब आणि रांपे नावाचे केवड्याच्या कुळातले सुवासिक पान. मग कोबी, गाजर आणि लीकची पात. हे परतले, की बाजूला एक-दोन अंडी फोडायची. वर चिरून ठेवलेल्या रोट्यांचा ढीग, आणि त्यावर कोंबडीच्या वा मटणाच्या रश्शाचे दोन डाव. इथून पाती सुरू होतात. पाती बोथट का, असा प्रश्न मला पडला होता. पाहता पाहता उत्तर सापडले. त्यांचे काम नुसते तोडण्याचे नव्हे. तीच पाती तोडतात, तीच खरवडतात, तीच उलथतात आणि तीच शेवटी ढीग उचलून ताटलीत टाकतात. चाकू आणि उलथणे या दोघांची कामे एकाच अवजाराने एका दमात उरकलेली असतात. रोटीचे तुकडे बोटाच्या पेराएवढे झाले आणि रस्सा त्यांत पुरता जिरला, की ठेका थांबतो. ठेका जितका खणखणीत तितके गिऱ्हाईक अधिक. जाहिरातीवर पैसा खर्च न करणारा असा दुसरा धंदा क्वचितच सापडेल.

हल्ली याचे प्रकार पुष्कळ झाले आहेत. गॉल रोडवरच्या पिलावूज या खाणावळीने चीज घातलेला कोत्तु लोकप्रिय केला. शेवयांसारख्या इंदिआप्पांचा कोत्तु निघाला, पिट्टूचा निघाला. डॉल्फिन कोत्तु असाही एक प्रकार आहे. नाव ऐकून कोणी दचकू नये, त्यात त्या बिचाऱ्या जलचराचा काही संबंध नाही. ही यादी मी लांबवीत नाही, कारण मूळ युक्ती सगळ्यांत एकच आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

ती युक्ती अशी, की रोटी ताजी नसली तर उत्तम. इथे बसलेल्या भगिनी हसताहेत, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. कालच्या पोळ्यांची फोडणीची पोळी होते, तशी आजच्या मऊ पोळ्यांची होत नाही, हे त्यांना कोणा व्याख्यात्याने सांगायची गरज नाही. पण असे का होते, हे सांगण्याची मुभा मला असावी. गव्हाच्या पिठात मुख्यत्वे पिष्ट असते. पाणी आणि उष्णता मिळाली, की पिष्टाचे कण फुगतात, मऊ होतात. रोटी भाजली जाते ती अशी. रोटी निवू लागली, की पिष्टाचे फुगलेले रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन शिस्तीत बसू लागतात आणि रोटी ताठर होते. यालाच आपण शिळे होणे म्हणतो. लोकांना वाटते, की रोटी वाळली म्हणून कडक झाली. पण घट्ट झाकून ठेवलेली रोटीसुद्धा ताठरते. शीतकपाटात तर ती अधिकच लवकर शिळी होते, कारण रेणूंची ही जमवाजमव गारव्यात जलद चालते. उलट अशी रोटी पुन्हा साठ अंशांच्या वर तापवली, की ती शिस्त मोडते आणि मऊपणा बराचसा परत येतो.

आता ताजी रोटी पत्र्यावर रश्शात ठेचली तर काय होईल? लगदा. शिळ्या रोटीचे तुकडे मात्र आपला आकार धरून राहतात आणि रस्सा हळूहळू पितात. मैद्याची कणीक ओढता यावी म्हणून त्यातल्या ज्या चिवट अंशाला, म्हणजे ग्लुटेनला, तासदोन तास विश्रांती दिलेली असते, तोच अंश इथे तुकड्याला सांभाळून धरतो. खालचा पत्रा तापलेला असल्यामुळे तुकड्यांच्या कडा मधूनमधून तांबूस होतात आणि त्या तांबूसपणातच चव असते. सारांश, खाणावळवाल्याने शिल्लक रोटी, शिल्लक भाजी आणि शिल्लक रस्सा एकत्र केला आणि त्या तिन्हींपेक्षा महाग विकला. यात लबाडी नाही. त्यात त्याच्या मनगटांचे मोल मिसळलेले आहे.

पण श्रोतेहो, मूळ प्रश्न इथेच उभा राहतो. मैद्याचा हा पदार्थ त्या बेटावर आलाच कसा? सिंहलद्वीप हा भाताचा देश. सिंहली भाषेत जेवण म्हणजे ‘बत्’, आणि बत् म्हणजे आपला भात. अनुराधपूरच्या राजांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून जी प्रचंड तळी बांधली ती भातशेतीसाठी. गव्हाचे म्हणण्यासारखे पीक तिथे निघत नाही. हवा त्याला मानवत नाही. पावाची ओळख त्या लोकांना पोर्तुगिजांनी करून दिली. आपला ‘पाव’ आणि सिंहली भाषेतला ‘पान्’ ही एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन अपत्ये आहेत. परंतु पोर्तुगिजांचा पाव किनाऱ्यावरच्या शहरांतच राहिला. पीठ घरोघर शिरले ते विसाव्या शतकात, आणि ते रेशनच्या दुकानातून शिरले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सिलोन आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून आणी, आणि त्यात मोठा वाटा ब्रह्मदेशाचा. १९४२ साली जपान्यांनी रंगून घेतले आणि ती वाट बंद झाली. तांदळाचे रेशनिंग सुरू झाले आणि तूट भरून काढण्यासाठी गव्हाचे पीठ आले. युद्ध संपले, १९४८ साली स्वातंत्र्य आले. रेशन मात्र गेले नाही. किंबहुना पुढली तीस वर्षे त्या देशाचे राजकारण तांदळाच्या मापावरच चालले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९५३ साली सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेला. १२ ऑगस्टला देशभर हरताळ पडला. शब्दही आपलाच, हरताळ. रूळ उखडले गेले, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि मंत्रिमंडळाला आपली बैठक कोलंबो बंदरात उभ्या असलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर भरवावी लागली. ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला. तेच पुढे पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९६६ च्या अखेरीस त्यांनी रेशन निम्म्यावर आणले. १९७० च्या निवडणुकीत सिरिमाव बंदरनायके यांनी उत्तर दिले, की चंद्रावरून आणावा लागला तरी चालेल, पण दोन मापे तांदूळ देऊ. त्या निवडून आल्या. चंद्रावरून काही आले नाही. पुढच्या टंचाईच्या वर्षांत लोक पहाटेपासून पावाच्या रांगेत उभे राहिले.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना या ठिकाणी मिलोची आठवण होईल. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती परदेशी लाल ज्वारी! तिची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांनी ती पुन्हा मागितली नाही. मिलो गेला, आणि कोणी हळहळले नाही. सिलोनात नेमके उलटे झाले. नाइलाजाने आलेले पीठ तिथे राहिले आणि लोकांना आवडू लागले. ही किमया सरकारने केली नाही. ती खाणावळवाल्यांनी केली, आणि त्यातही विशेषेकरून मुसलमान खाणावळवाल्यांनी.

हे मुसलमान कोण? १९१२ सालची नव्हे, २०१२ सालची जनगणना पाहिली तर शंभरांत पंचाहत्तर सिंहली, अकरा श्रीलंकेतले तमिळ, चार चहामळ्यांसाठी इंग्रजांनी नेलेले भारतीय तमिळ आणि नऊ मूर. मूर हे पोर्तुगिजांनी दिलेले नाव. अरब व्यापारी किनाऱ्यावर आले, तिथेच त्यांनी संसार थाटले. हे त्यांचे वंशज म्हणवतात आणि त्यांची घरची भाषा बहुतांशी तमिळ आहे. पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमाली-बट्टिकलोआच्या बाजूला, त्यांची वस्ती दाट आहे, आणि कोत्तु रोटी कुठली, असे विचारले म्हणजे बहुतेक लोक त्याच किनाऱ्याकडे आणि साठ-सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवतात. तांदूळ तोलूनमापून मिळत होता ती हीच दशके. पुढे १९७७ साली आर्थिक धोरण पालटले, रेशन जाऊन कुपने आली, आणि १९८० साली त्याच त्रिंकोमालीच्या बंदरावर सिंगापूरच्या प्रायमा कंपनीची पिठाची गिरणी सुरू झाली. एका जागी असलेल्या जगातल्या मोठ्या गिरण्यांत तिची गणना होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, रशिया, मिळेल तिथून गहू जहाजाने यायचा, इथे दळला जायचा आणि गावोगाव जायचा. साधारण वर्षी दहा लाख टनांच्या आसपास गहू तो देश विकत घेतो. प्रायमा कंपनीच्याच घराण्यातून ‘कोत्तु मी’ नावाच्या तयार शेवयांची पुडकी निघतात. म्हणजे रस्त्यावरच्या पदार्थाचे नाव शेवटी गिरणीवाल्यालाही घ्यावे लागले.

पाहा तर खरे, ताटलीत काय काय आले! पीठ परदेशी, शब्द तमिळ, हात मुसलमानाचा, आणि गिऱ्हाइकांत सर्वांत मोठी संख्या सिंहलींची. ज्या देशात १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केल्यावरून वितुष्ट वाढले, १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली आणि २००९ च्या मेपर्यंत यादवी युद्ध चालले, त्या देशात रात्री अकरा वाजता सगळ्यांच्या तोंडी एकच तमिळ शब्द. व्याख्यानांतून ऐक्याची उदाहरणे द्यायला असे पदार्थ फार सोयीचे असतात. मीही हे टिपण प्रथम केले तेव्हा इथेच थांबणार होतो. परंतु मग अंपारा आठवले, आणि टिपण फाडून टाकले.

अंपारा हे पूर्वेकडचेच एक गाव. २६ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री तिथल्या एका मुसलमानाच्या खाणावळीत जेवायला बसलेल्या सिंहली गिऱ्हाइकांना अन्नात एक पांढरी गुठळी सापडली. त्यांनी ओरड केली, की ही वंध्यत्वाची गोळी आहे. सिंहलींची प्रजा खुंटावी म्हणून मुसलमान ती अन्नात घालतात. ही अफवा आधीपासून पसरलेली होतीच. गल्ल्यावरच्या माणसाला घेरून जाब विचारला गेला. त्याला सिंहली धड येत नव्हते. घाबरून त्याने मान डोलावली, होकारासारखे काहीतरी बोलला, आणि त्याचे चित्रण मोबाइलवरून रातोरात देशभर गेले. खाणावळ फोडली गेली, मशिदीवर हल्ला झाला, गाड्या जाळल्या गेल्या. पुढच्याच आठवड्यात कँडी जिल्ह्यात दिगनाजवळ दंगल उसळली. तिथले निमित्त वेगळे होते, पण सरपण हेच होते. ६ मार्चला सरकारने आणीबाणी पुकारली.

त्या गुठळीची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाली. ती पिठाची गुठळी होती.

मघाशी मी पिष्टाची जी गोष्ट सांगितली ती केवळ शास्त्र म्हणून सांगितली नव्हती. उकळत्या पाण्यात पीठ एकदम टाकले, की त्याचा बाहेरचा थर तत्क्षणी फुगून चिकट होतो आणि आतले कोरडे पीठ त्यात कोंडले जाते. मग कितीही ढवळा, पाणी आत जात नाही. पिठले करताना हात चुकला तर आपल्या घरोघर हेच होते, आणि फार तर सासूबाई दोन शब्द बोलतात. माणसाला वंध्य करील अशी कोणतीही गोळी अन्नात घालण्याजोगी अस्तित्वात नाही, हे वैद्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. तरीसुद्धा २०१९ च्या ईस्टरच्या रविवारी, २१ एप्रिलला, काही मुस्लिम अतिरेक्यांनी चर्चांत आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट घडवून अडीचशेहून अधिक माणसे मारली, त्यानंतर मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्काराची हाक उठली तेव्हा तीच गोळी पुन्हा लोकांच्या बोलण्यात आली. दुसऱ्याच्या हातचे खाणे हा विश्वासाचा व्यवहार असतो. आपल्या देशातही कोणाच्या हातचे खावे यावरून काय काय झाले आहे, ते या सभागृहात मी सांगायला नको.

यानंतरचा घाव मात्र कोणा शेजाऱ्याने घातला नाही. २०२१ साली सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि भाताचे पीक घटले. परकीय चलनाचा साठा संपत आला होता. १२ एप्रिल २०२२ रोजी देशाने परदेशी कर्जे फेडता येत नसल्याचे जाहीर केले. त्याआधीच, फेब्रुवारीत, रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यामुळे जगात गहू महागला होता. बाहेरून गहू आणणाऱ्या देशाजवळ डॉलर नाहीत, आणि खाणावळवाल्याजवळ गॅस नाही! सिलिंडरांसाठी मैलमैल रांगा लागल्या, पुष्कळ खाणावळींचे पत्रे थंड पडले. कोलंबोतील अन्नधान्याची महागाई त्या वर्षीच्या सप्टेंबरात शेकडा ९४.९ वर पोहोचली. म्हणजे गेल्या वर्षी शंभर रुपयांना मिळालेला बाजार आता एकशे पंचाण्णवला. ज्या पदार्थाची सारी ख्याती ‘स्वस्त आणि पोटभर’ अशी, तो मजुराला हिशेब करून खाण्याजोगा झाला. शिळ्याचे सोने करणारी युक्तीही तेव्हा लंगडी पडली, कारण शिळे उरायला आधी ताजे पुरेसे असावे लागते.

दरम्यान हा पदार्थ त्या बेटाबाहेरही पुष्कळ दूर गेला आहे. १९८३ नंतर जे तमिळ निर्वासित टोरांटो, लंडन, पॅरिस इथे गेले त्यांनी तो बरोबर नेला. कॅनडाच्या बर्फात बंद काचांमागे तोच ठेका चालतो. गहू तर मुळात त्याच देशातून यायचा.

व्याख्यानाआधी एका भगिनीने मला विचारले, की हे घरी करता येईल का? अवश्य येईल, पण आपल्या घडीच्या पोळीने ती चव येणार नाही; कणकेतला कोंडा पोळीला लवकर तुटू देतो आणि तुकड्यांचा भुगा होतो. बाजारात मिळणारे मैद्याचे परोठे आणावेत, भाजून रात्रभर ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी आधी कात्रीने पट्ट्या कापून घ्याव्यात. रस्सा बेताचा घालावा, आणि घालताना तो कडकडीत गरम असावा. तवा जाड हवा. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा या कामी आणू नये, लेप पोटात जायचा. पाती मिळाली नाहीत तर दोन पोलादी कालथे चालतात. शेजाऱ्यांना तेवढी आधी कल्पना द्यावी.